पोटभर जेवण किती वेळा?

कोकणातली पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात गाडीत बसते. विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूर अशा कुठल्या तरी खोलीतून निघते आणि तुतारी नाहीतर मांडवी पकडून माहेरी उतरते. ओटी भरून झालेली असते, मनगटात हिरवा चुडा असतो, पिशवीत सोनोग्राफीचे रिपोर्ट असतात. सोबत नवरा असतो. तो दोन दिवस राहतो, मेव्हण्याबरोबर जेटीवर जाऊन मासळी आणतो, सासऱ्याशी पावसापाण्याच्या गोष्टी करतो आणि रजा संपली म्हणून रात्रीच्या गाडीने परत जातो.

ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा आरोग्यखात्याशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नसतं. पण मी आमच्या गावच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर आहे. नाव एका दमात घेता येत नाही; काम म्हणजे सभा, चहा आणि वर्षाला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा जो अनटाइड, म्हणजे कुठल्या एका कामाला न बांधलेला, निधी येतो त्यावर त्याच्या दसपट चर्चा. तरी तिथे बसून रजिस्टरं बघायला मिळतात. आणि ती बघताना ध्यानात येतं की बाळंतपणाच्या जवळजवळ सगळ्या सरकारी योजना एका गावाच्या हिशेबाने आखलेल्या आहेत, आणि आमची बाळंतीण मात्र दोन गावांची असते. नाव नोंदलं विरारला, बाळ झालं देवगड तालुक्यात, बाळाचं पुढचं सगळं पुन्हा विरारला. मधले तीनचार महिने ती आमच्या आशाताईच्या, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेच्या, वहीत शेवटच्या पानावर, पेन्सिलीने लिहिलेली असते. माहेरवाशिणींचं पान म्हणतात त्याला.

यंदा त्या पानावर माझ्या पुतणीचं नाव होतं.

पूर्वी माहेरी बाळंतपण करण्यामागे एक व्यवस्था होती, हे आधी कबूल करायला हवं. आमच्या चौकोनी घरात, माझं लग्न झालं तेव्हा, सात बायका होत्या. कुणी चुलाण्यावर पाणी तापवायची, कुणी तेल लावायची, कुणी शेगडीत ओवा नि बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची, कुणी नुसतीच उंबऱ्यात बसून ‘असं नको धरूस, तसं धर’ म्हणायची. त्या शेवटच्या बाईचा मला तेव्हा भयंकर राग यायचा. आता वाटतं, ती निदान बसलेली तरी असायची. त्या व्यवस्थेत पुष्कळ काही वाईटही होतं. पहिलं चिकाचं दूध काढून टाकायचे, बाळाच्या जिभेला मध लावायचे, नाळेवर हळद नि खोबरेल तेल थापायचे, बाळंतिणीला पाणी मोजून द्यायचे. सुईणबाईचा हात चांगला म्हणायचे. तो ज्या वेळी चांगला ठरला नाही त्या वेळच्या गोष्टी कुणी सांगायचं नाही. त्या काळाबद्दल गळा काढायला मी बसलेले नाही.

पण आता त्या घरात हातपाय हलवणाऱ्या माझी जाऊ आणि मी. तिचे गुडघे गेलेले, माझं बीपी. दीर सकाळी आंब्याच्या कलमांत असतात. पुतणे मुंबईत. गावात आमच्या वाडीवर दिवाळी-गणपती सोडून पाहिलं तर निम्म्या घरांना कुलपं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ बायका निघाल्या आणि आमच्या सिंधुदुर्गात १,०३६. हा आकडा लोक स्त्रीजन्माच्या स्वागताचा पुरावा म्हणून भाषणांत सांगतात. तो बहुतांशी मनीऑर्डरचा आकडा आहे. पुरुष कामाला बाहेर आणि मोजणीच्या दिवशी घरात बायका. आता तर सुनाही बाहेर, त्यामुळे ज्या राहिल्या त्या साठीच्या पुढच्या. बाळंतपण माहेरीच करायचं ही रीत टिकली, ते निभावणारे हात मात्र गेले.

तिथे आशाताई येते.

बाळ झालं ग्रामीण रुग्णालयात. नॉर्मल. सगळं फुकट झालं, हे मुद्दाम लिहिते, कारण लोकांना अजून विश्वास बसत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात नॉर्मल असो की सिझर, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, तिथलं जेवण, जाण्यायेण्याची गाडी, काही म्हणता काही लागत नाही. दोन दिवसांनी गाडीने घाटीच्या पायथ्याशी आणून सोडलं. वर घरापर्यंतच्या जांभ्याच्या पायऱ्या मात्र कुठल्याच कार्यक्रमात बसत नाहीत. तिथे दिरांनी बाळ घेतलं आणि पुतणी माझ्या खांद्याला धरून, प्रत्येक वळणावर थांबत, टाके सांभाळत चढली.

आणि लगेच, तिसऱ्या दिवसाची म्हणून, आशाताई दारात हजर. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं. या सगळ्या भेटी मिळून तिला केंद्राच्या दरपत्रकाप्रमाणे २५० रुपये. भागायचं काम वाचकांनी करावं.

ती भेट नीट बघण्यासारखी असते. पडवीत चप्पल काढल्यावर ती आधी न्हाणीघरात जाते, कोपरापर्यंत साबण लावून हात धुते आणि हात वर धरून उभी राहते. जाऊ पंचा पुढे करते, ती घेत नाही. हवेत सुकू देते. आमच्याकडच्या हवेत, त्यात आषाढातल्या, हात सुकायला जो वेळ लागतो तेवढ्यात चहा होतो, पण चहाही ती शेवटी घेते. मग बाळाच्या काखेत थर्मामीटर. तो वाजेपर्यंत ती बाळाचे तळपाय आपल्या हाताच्या उलट्या बाजूने चाचपते. मग दुपटं बाजूला करून पोट उघडं करते, घड्याळ समोर धरते आणि श्वास मोजते. पुरं एक मिनिट, अर्ध्या मिनिटाची दुप्पट नाही. त्या मिनिटात कुणी बोलायचं नाही असं कुणी सांगितलेलं नसतं, तरी सगळी खोली गप्प होते. साठ किंवा त्याच्या वर गेले तर दवाखाना. आमच्या बाळाचे चव्वेचाळीस.

मग काटा. झोळीचा, आकड्याला लटकवायचा, तबकडीवर लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे. ती आधी रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणते, मग बाळ झोळीत ठेवून काटा डोळ्यांच्या रेषेत उचलते. बाळ पाय झाडतं, काटा थरथरतो, ती थांबते. जन्माच्या वेळी दोन किलो सातशे होतं, आता दोन किलो साडेपाचशे. जावेने कपाळाला हात लावला. ताई शांत. म्हणाली, पहिल्या दिवसांत उतरताच, धाव्या (दहाव्या) हिश्श्यापर्यंत उतरला तरी भियाचा नाय, दोन आठवड्यांत जन्माएवढा व्हयत. आमच्या सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, “आमच्या वेळाक खंयचो काटो? मांडयेर घेतला काय कळता.” ताईने त्यांच्याही मांडीवर बाळ दिलं आणि विचारलं, “सांगा बगू आता, किती?” सासूबाई म्हणाल्या अडीच. पन्नास ग्रॅमचा फरक. त्यांना जरा जास्तच आनंद झाला.

मग बाळाला खिडकीशी उजेडात नेऊन कपाळावर बोट दाबून पिवळेपणा बघितला. तोंडावर, छातीवर असेल तर लक्ष ठेवायचं. तळहात-तळपायांवर उतरला तर थांबायचं नाही. नाळ बघितली आणि कोनाड्यातल्या तेलाच्या वाटीकडे पाहून म्हणाली, नाळेक काय लावूचा नाय. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मायफळ उगाळायची तयारी होती ती आम्हीच आधी हलवली होती. गुटी बंद, मध बंद, पाणीही बंद. “सहा म्हयने पाण्याचो थेंबय नको.”

हे जे सगळं ती करते, ते आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाहून आलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून गावातल्याच बायकांना बाळाचे श्वास मोजायला, वजन घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला, इतकंच काय इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. तीन वर्षांत त्या गावांमधले नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०११ मध्ये तीच पद्धत देशभर आशांच्या हाती दिली गेली. आमच्या ताईकडे इंजेक्शन नाही. तिने ओळखायचं आणि पाठवायचं. मला यातली गंमत अशी वाटते की गडचिरोलीत माणसं होती, डॉक्टर नव्हता. आमच्याकडे तालुक्याला डॉक्टर आहे आणि घरात माणूस नाही. तरी औषध तेच लागू पडतं, कारण दोन्हीकडे हवं असतं ते एकच: ठरलेल्या दिवशी उंबरा ओलांडून कुणी तरी जाणतं आत यायला हवं.

तिच्या हातातला फॉर्म मी मागून घेऊन वाचला. मला वाटलं होतं सगळं बाळाचंच असेल. पहिलाच प्रश्न आईचा. चोवीस तासांत आई किती वेळा पोटभर जेवते? दुसरा, दिवसात किती पॅड बदलावे लागतात. मग बाळ गरम ठेवलंय का, दूध पितंय का, सारखं रडतंय का, शू सहा वेळांपेक्षा कमी होते का.

ताईने विचारलं, “काल कितीदा जेवलंस गो?”

पुतणी जावेकडे बघायला लागली. 

इथे खरी पंचाईत होती. जावेचं म्हणणं, बाळंतिणीला पहिले दहा दिवस हलकंच. मऊ भात, तूप, मिरी, मेथीची पेज. भाजी नको, डाळ नको, बाळाचं पोट दुखेल. भरपूर जेवण दिलं तर “प्वाट सुटतला.” म्हणजे पोरगी दिवसातून दोनदा पेज पीत होती आणि दर दोन तासांनी पाजत होती. ताईने वाद घातला नाही. तिने फक्त जावेला विचारलं, “वैनी, दुभत्या गायीक तुमी पेंड कमी घालतास काय?” आमच्याकडे गाय आहे. जाऊ गप्प बसली, आणि दुपारी कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी नि लाल माठाची भाजी झाली. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. सरकार ज्याच्या गोळ्या वाटतं ते आमच्या वरकस जमिनीत पूर्वी आपोआप पिकायचं. आता नाचणीही आम्ही विकतच आणतो.

पथ्यातलं सगळंच टाकाऊ नसतं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, हे चांगलंच. मासळीबाबत तर किनाऱ्यावर नियम उलटे: बाकी मासे वर्ज्य पण मोरी, म्हणजे लहान शार्क मासा, चालते; मोरीच्या कालवणाने दूध येतं अशी पक्की समजूत. दूध मोरीने येतं की चार घास पोटभर खाल्ल्याने, हे मला सांगता येणार नाही; पण मोरीच्या निमित्ताने बाळंतिणीच्या पानात महागाचं काही पडतं, म्हणून माझं त्या समजुतीशी भांडण नाही.

रक्ताच्या गोळ्यांचं मात्र भांडण झालं. गरोदरपणात १८० आणि नंतर १८०, लोह आणि फॉलिक ॲसिडच्या. पुतणीच्या पहिल्या पाकिटातल्या बऱ्याच तशाच परत आल्या होत्या. शौचास काळं होतं, मळमळतं, म्हणून बंद केल्या आणि विरारला कुणी विचारलं नाही. जी घेतली ती चहाबरोबर. चहाने लोह अंगी लागत नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तरी लागत नाही, लिंबू-आवळ्याने लागतं. काळं होणं हे घाबरण्याचं कारण नाही. एवढी चार वाक्यं सांगायला माणूस लागतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२ टक्के गरोदर बायका पंडुरोगी निघाल्या. गोळ्या गावोगाव पोचलेल्या आहेत. चार वाक्यं पोचायची आहेत.

पैशाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिच्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात, दोन हप्त्यांत: ३,००० गरोदरपणी नोंदणी आणि तपासणी झाल्यावर, २,००० बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लशी झाल्यावर. दुसरी मुलगी झाली तर एकरकमी ६,०००. आमच्या पुतणीचं आधार माहेरच्या नावाचं, बँकेचं खातं माहेरच्या नावाचं आणि माता-बाल कार्ड सासरच्या नावाचं. लग्न झालेल्या मराठी बाईला हे नवीन नाही. इथे विचारलं तर म्हणाले नोंद तिकडची, तिकडे विचारलं तर म्हणाले बाई इकडे नाही. पहिला हप्ता बाळ पालथं पडायला लागल्यावर आला. तो आला तेव्हा पुतणीने मला विचारलं, “काकी, हे आता कशासाठी वापरायचे?” योजनेचा हेतू गरोदरपणात तिने चार दिवस विश्रांती घ्यावी आणि दूधदुभतं खावं असा आहे. आम्ही बाळाला मच्छरदाणी घेतली.

विश्रांतीवरून आठवलं. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता देणारं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, तेव्हा तिचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. १९२९ साली तो कायदा झाला. बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, म्हणजे ज्या जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांना माणसं गेली तोच जिल्हा. पुढे १९६१ चा कायदा आला, २०१७ पासून पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. माझी पुतणी सहा माणसांच्या दुकानात हिशेब लिहायची. दहापेक्षा कमी माणसं असतील तर ही तरतूद दुकानाला लागत नाही. मालक वाईट नव्हता. बाळंतपण उरकून ये, जागा असली तर बघू, म्हणाला. जावयाचं तर त्याहून सोपं. केंद्र सरकारच्या नोकराला बाप झाल्यावर १५ दिवसांची रजा आहे, खासगी गोदामात काम करणाऱ्याला कायद्याने एक दिवसही नाही. तो बारशाला आला, पाळण्याची दोरी ओढली, गेला. रोज रात्री व्हिडीओ कॉल करायचा, आणि कड्यावर गेल्याशिवाय रेंज नाही, म्हणून पुतणी अंधारात सड्याच्या टोकापर्यंत जायची आणि जाऊ मागून ‘कान बांध, कान बांध’ ओरडायची.

तिसऱ्या आठवड्यात तिचं काहीतरी बिनसलं. आधी वाटलं थकवा. न्हाऊन आली की रडायची. बाळ रडलं की आणखी रडायची. मग बाळ झोपलेलं असतानाही ती बिछान्यावर बसून त्याच्याकडे टक लावून बघत राहायची. श्वास चालू आहे का बघते, म्हणायची. जावेने मीठमोहऱ्या ओवाळल्या. दिरांनी देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं. याला हसावं असं मला वाटत नाही. गाऱ्हाणं घातलं म्हणजे घराने निदान मान्य केलं की हिला काहीतरी होतंय. नाहीतर ‘सगळ्यांचीच बाळंतपणं झाली, हिचीच काय नवाई’ हे ठरलेलं उत्तर तयार असतं.

पहिले आठदहा दिवस मन भरून येणं, उगाच रडू येणं, हे बऱ्याच जणींना होतं आणि आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांच्या पुढे गेलं तर तो आजार समजायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे आपल्यासारख्या विकसनशील देशांत बाळंतपणानंतर पाचातल्या एका बाईला मनाचा काही ना काही त्रास होतो, मुख्यतः नैराश्य. पाचात एक. म्हणजे आमच्या त्या सातजणींच्या घरातही कुणाला तरी झाला असणार. एक काकी होत्या, त्यांना ‘बाळंतवात’ झाला होता म्हणायचे आणि त्यापुढे कुणी बोलायचं नाही.

मी पुन्हा तो फॉर्म बघितला. आईच्या तपासणीत ताप आहे का, अंगावरून जाताना वास येतो का, छातीला चिरा पडल्यात का, हे आहे. मनाबद्दल एकच ओळ: आई असंबद्ध बोलते का किंवा फिट येतात का. तिथपर्यंत जाणारी बाई क्वचितच. आणि त्याच्या अलीकडे, जिथे पाचातली एक बसलेली असते, तिथे फॉर्मवर काही नाही. दहा साध्या प्रश्नांची एक प्रश्नावली एडिनबरोत १९८७ सालापासून तयार आहे. हसू येतं का, उगाच भीती वाटते का, झोप लागत नाही इतकं दुःख होतं का, अशी. भाषांतरं झालेली आहेत. ती आशाच्या फॉर्ममागे छापायला कागदाची पाठकोरी बाजू पुरेल.

ताईने फॉर्मची वाट बघितली नाही. एकविसाव्या दिवशी बाळाचं वजन घेऊन झाल्यावर काटा पिशवीत घातला, आणि जावेला म्हणाली, वैनी, माका जरा कोरी चाय. जाऊ आत गेल्यावर पुतणीच्या शेजारी भिंतीला टेकून बसली.

“बाळ निजला काय तुका झोप लागता?”

“नाही.”

“जीव नकोसो वाटता काय?”

मी दारात होते. मला तो प्रश्न विचारायचं धाडस झालं नसतं. असं विचारलं की नसलेलं सुचेल अशी आपली समजूत. खरं तर विचारल्याने सुचत नाही, सांगायला वाट मिळते. पुतणी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, नकोसा नाही, पण कुणीतरी बाळाला घेऊन जावं नि मला दोन दिवस झोपू द्यावं असं वाटतं, आणि असं वाटतं म्हणून मी वाईट आई आहे.

औषधापर्यंत गेलं नाही. उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी, सीएचओ मॅडम, दोनदा येऊन बोलल्या, टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर कपाटावर चिकटवला, पुन्हा वाढलं तर जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. आणि पुतणीची मावशी मालवणहून रात्रीपुरती आली. ती रात्री बाळ आपल्याजवळ घेऊन झोपायची, पाजायला तेवढं उठवायची. घरातला सातांतला एक हात परत आला म्हणा. हे सगळ्यांच्या नशिबात नसतं. मावशी मोकळी होती, कारण काजूचा हंगाम संपला होता.

जिल्ह्यातल्या अंतरांबद्दल मी फार लिहीत नाही, ते कोकणी वाचकाला पाठ आहे. १०८ फोन केला की येते, पण खाडीपलीकडच्या वाडीला वळसा घालून येते. बाळ-बाळंतीण नाजूक असली की ओरोस, तिथून बांबोळीला गोव्यात नाहीतर घाट चढून कोल्हापूर. ओरोसला आणि रत्नागिरीला सरकारी मेडिकल कॉलेजं झाली, त्याने फरक पडेल अशी आशा आहे. महाराष्ट्राचा माता मृत्युदर २०१८-२० मध्ये लाखामागे ३३ होता, देशाचा ९७. चांगलाच आकडा आहे तो, आणि अडचणही तिथेच आहे. मरण टळलं की फाईल बंद होते. वाचलेल्या बाईचं पुढे काय, ती जेवते का, झोपते का, तिचे हप्ते आले का, याला आकडा नाही, म्हणून त्याची बैठकही नाही.

बेचाळिसाव्या दिवशी ताईने शेवटचं वजन घेतलं, पावणेचार किलो. लहान बाळांसाठी आशाने पुढेही तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यात घरी जायचं असतं, २०१८ पासून. पण तिसऱ्या महिन्यानंतर पुतणी विरारला जाणार. तिथे आशा आहे का? शहरात आशा नेमतात त्या मुख्यतः झोपडपट्टीसाठी. पुतणीची सोसायटी चार मजली, लिफ्ट नाही, पाणी एक दिवसाआड, भाडं पगाराच्या निम्मं. पण कागदावर ती झोपडपट्टी नाही, म्हणून तिच्या दारात कुणी येणार नाही. लशींचं असं होत नाही. बाळाची नोंद यू-विन या लसीकरणाच्या सरकारी ॲपवर झालेली आहे, चौदा आठवड्यांची लस इथे घेतली, नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची तिकडे मिळेल, मेसेजही येईल. म्हणजे नोंद माणसाबरोबर प्रवास करू शकते, हे सिद्ध झालेलं आहे. करायचं मनावर घेतलं तर माहेरवाशिणींच्या पेन्सिलीच्या पानाचंही करता येईल: देवगडातून नाव सुटलं की विरारच्या नर्सबाईच्या मोबाईलवर उमटावं, एवढंच.

सध्या ते काम ताई स्वतःच्या फोनवरून करते. वहीतल्या त्या पानावरच्या प्रत्येकीला ती महिन्यातून एकदा लावते. नालासोपारा, दिवा, एक पुण्याला, एक मडगावला. जेवलंस काय, झोपतंस काय, गोळ्यो घेतंस काय. तिला यासाठी कुणी सांगितलेलं नाही आणि कुठल्याच फॉर्मवर हे भरायला जागा नाही.

समितीच्या परवाच्या सभेत मी विषय काढला की अनटाइड निधीतून ताईच्या फोनचं रिचार्ज करावं. वर्षाचं बसून हिशेब केला, फार नाही होत. ग्रामसेवक चांगले आहेत, त्यांनी परिपत्रक काढून नीट वाचलं आणि म्हणाले, ताई, यासाठी हेड नाही. जंतुनाशकाला आहे, सतरंजीला आहे. सरपंचबाई स्वतः दिवाळीत बाळंत झालेल्या. त्या म्हणाल्या, मग सतरंजी या वर्षी नको, आणि ठरावात लिहा ‘माता व बालक पाठपुरावा’. त्यावर वरून शेरा येईलच. तोवर रिचार्ज मी मारलंय, आणि पावती फाईलला लावली आहे.